गोव्यातल्या मोलेच्या रानातला 'झाडांचा वॉक' : पैसे वसूल
गवा, बिबटा बघायचा म्हणून जाणार असाल तर हा वॉक घेऊ नका, इथे सकाळभर फक्त झाडं बघायची आणि त्यातली बरीचशी आजारी. मला प्रचंड आवडला. गाइड तिथल्याच गावचा आणि सोबत झाडांच्या रोगांवर शिकलेली एक मुलगी, दोघंही छान मोकळेपणाने समजावून सांगतात.

एका जुन्या माटीच्या झाडापाशी बराच वेळ थांबलो, बुंध्याला वणव्याची जखम, साल उलगडलेली, आणि नेमकी तिथेच गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची कडक आळंबी, वर तपकिरी, खाली पांढरीशुभ्र. गाइडने खालून नखाने हलकी रेघ ओढली तर ती बघता बघता तपकिरी झाली. आजूबाजूच्या पानांवर कोको पावडरसारखी पूड पडलेली, ते तिचे बीजाणू. मुलगी म्हणाली की २०२१च्या मे महिन्यातलं तौक्ते चक्रीवादळ असो की २०२३च्या मार्चमधले वणवे, झाड त्या दिवशी मरतंच असं नाही, फांदी मोडते, साल भाजते, तिथून बुरशी आत शिरते आणि खोड आतून कुजायला लागतं, आपल्याला दिसतं ते कित्येक वर्षांनी. काही बुरश्या तर धडधाकट झाडातही गुपचूप असतात, उन्हाळा लांबला, पाणी तुटलं की मग डोकं वर काढतात. २०१८च्या दुष्काळानंतर युरोपात स्प्रूस या सूचीपर्णी झाडांची जंगलं खोडकिड्यांनी अशीच खाल्ली.

पावसाचं उलटं. फायटॉप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहतात. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सुपारीला कोळेरोग येतो तो ह्याच जातकुळीचा, पाऊस उघडीपच देत नाही तेव्हा बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारणार तरी कधी! हे ऐकून मला रान आणि कुळागर एकदम जोडल्यासारखं वाटलं.

सुरुवातीला आणि शेवटी बूट घासून धुवायला लावतात, काही जण कुरकुरले, पण बरोबरच आहे ते, बुटाच्या चिखलातून हा फायटॉप्थोराचा रोग एका रानातून दुसऱ्यात जातो, पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यासाठी वाटेवर ब्रश लावलेले असतात.

तक्रार एकच, ग्रुप फार मोठा, मागच्यांना अर्धं ऐकूच येत नाही. दहा जणांपुरताच ठेवा ना प्लीज, थोडे पैसे जास्त घ्या हवं तर. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात जा, आळंबी तेव्हा छान दिसतात, आणि फुल पँट घाला, जळवा असतातच.