‘हायब्रिड कॅक्टस’च्या पाकिटात लाल माठाचं बी

पाकिटावर छापलं होतं: ‘ट्रायकोसिरियस हायब्रिड, मिक्स कलर, १०० बिया, इम्पोर्टेड’. आत निघालं ते असं: निम्म्याहून जास्त लाल माठ, काही ड्रॅगन फ्रूटच्या बिया आणि उरलेलं साध्या सिरियस या खांबी कॅक्टसचं बी, जे कुठल्याही जुन्या वाढलेल्या झाडाच्या फळातून फुकट मिळतं. पैसे यूपीआयवर आधीच गेलेले. तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘बी चांगलंच होतं, तुम्हाला उगवता आलं नाही.’ त्यानंतर नंबर ब्लॉक. अशी दुकानं नाव बदलून तीच जाहिरात पुन्हा चालवतात, म्हणून नावापेक्षा पाकीट ओळखता येणं जास्त गरजेचं आहे. कॅक्टस बियांपासून वाढवणाऱ्यांनी एवढं जरूर वाचावं.

या बियांमध्ये फसवणूक इतकी सोपी का, ते आधी बघू. ट्रायकोसिरियसचे संकर म्हणजे अर्जेंटिना-बोलिव्हियाकडच्या डोंगराळ भागातल्या जातींची संतती. अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतातला लाल फुलांचा ग्रँडिफ्लोरस, पांढऱ्या सुवासिक फुलांचा कँडिकन्स आणि त्यांच्या नात्यातल्या बुटक्या लोबिव्हिया यांची एकमेकांत परागणं करून हे प्रकार तयार झाले. बुंध्यापासून फुटणारे खांब आणि त्यांच्यावर वीतभर रुंदीची, जेमतेम दिवसभर टिकणारी फुलं. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला उत्तम निगेतही साधारण ४ ते ७ वर्षं लागतात. रंग खोटा निघाला हे कळेपर्यंत विक्रेता कधीच गायब झालेला असतो. दुसरीकडे ऑनलाइन खरेदीत परत करण्याची मुदत बहुतेक वेळा ७ ते १० दिवस, आणि बी रुजायला ५ ते १४ दिवस. बरेच जण पार्सल आल्यावर ‘रविवारी लावू’ म्हणून पाकीट बाजूला ठेवतात. तिथेच मुदत हातातून जाते.

नावांचा गोंधळही विक्रेत्याच्या पथ्यावर पडतो. १९७४ मध्ये ट्रायकोसिरियस हा वंश (जवळच्या जातींचा गट) एकिनॉप्सिस या वंशात विलीन केला गेला, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानंतर तो पुन्हा वेगळा मानण्याकडे कल वाढला. म्हणून आज दोन्ही नावं चालतात. एकाच डब्यातलं बी ‘एकिनॉप्सिस हायब्रिड’ म्हणून एका किमतीला आणि ‘रेअर ट्रायकोसिरियस’ म्हणून तिप्पट किमतीला विकलेलं दिसतं.

जाहिरातीचा फोटो हा पहिला पुरावा. निळं फूल दिसलं की तिथेच थांबा. कॅक्टसच्या फुलांचे लाल, जांभळे, पिवळे, केशरी रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतात. जास्वंद किंवा गोकर्णीतली अँथोसायनिनं ही रंगद्रव्यं कॅक्टस बनवतच नाही, त्यामुळे खरा निळा रंग ट्रायकोसिरियसच्या फुलांत येत नाही. (लाल माठाचा आणि बिटाचा रंगही बीटालेनचाच आहे.) निळसर खोड मात्र खरं असतं. पिलोसोसिरियससारख्या खांबी कॅक्टसवर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो निळा दिसतो. तो ट्रायकोसिरियसचा संकर नव्हे.

दुसरी खूण नावात सापडते. ‘फ्लाइंग सॉसर’ हे गाजलेलं नाव घेऊन त्याचं बी विकायला ठेवलेलं असतं. नाव दिलेला संकर म्हणजे एक ठराविक झाड. ते पिल्लं (बुंध्याशी फुटणारी रोपं) काढून किंवा खोडाचे तुकडे लावूनच वाढवतात. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बोटॅनिकल गार्डनने लोकांपर्यंत पोहोचवलेले शिक हायब्रिडही (शिक यांनी तयार केलेले संकर) असेच, पिल्लांमधून पसरलेले. बियांमधून येणारी प्रत्येक संतती वेगळी असते. एखादी आईपेक्षा सुंदर, बरीचशी मळकट गुलाबी. ‘फ्लाइंग सॉसर × अमुक’ असं कोणी लिहिलं तर ते बी असू शकतं. नुसत्या ‘फ्लाइंग सॉसर’ नावाचं बी विकणं ही चूक आहे किंवा लबाडी.

पार्सल उघडताना व्हिडिओ घ्या, सील तुटण्याआधीपासून. बिया पांढऱ्या कागदावर ओता, शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवा आणि सोनाराच्या १० पटीच्या भिंगाखाली बघा. ट्रायकोसिरियसचं बी साधारण १ ते दीड मिलिमीटर, काळं किंवा गर्द तपकिरी, फारसं न चमकणारं. एका टोकाला ते कापल्यासारखं चपटं असतं. तिथे ते फळाला चिकटलेलं होतं. लाल माठाचं बी आकाराने त्याच्या जवळपास असल्यामुळे भेसळीला तेच सोयीचं. पण माठाचं बी भिंगासारखं दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला धार असलेलं आणि अगदी लखलखीत असतं. ड्रॅगन फ्रूटचं बी दुपटीच्या आसपास मोठं आणि काळं चकचकीत. सिरियसचंही मोठंच. घोळीचं किंवा ऑफिस टाइमचं बी १ मिलिमीटरपेक्षा लहान, वृक्काच्या आकाराचं, कधी करडी धातूसारखी झाक असलेलं. सब्जा ओळखायला भिंगही नको. चार बिया चमचाभर पाण्यात टाका, दहा-पंधरा मिनिटांत भोवती पांढरट बुळबुळीत थर आला की तो सब्जा. कॅक्टसच्या बीला असा थर येत नाही.

एका पाकिटात दोन-तीन आकारांच्या बिया असतील तर ‘मिक्स हायब्रिड आहे, म्हणून’ हे उत्तर मान्य करू नका. एकाच गटातल्या संकरांच्या बियांमध्ये थोडाफार फरक असतो, दुपटीचा नाही.

यानंतर त्याच दिवशी चाचणी पेरणी. सगळं बी कधीही पेरू नका. १०० असतील तर २० काढा, उरलेलं पाकिटासकट सीलबंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, तळाला भोकं नको. मिश्रण साधं: चाळलेलं, दोनदा धुतलेलं कोकोपीट १ भाग आणि पर्लाइट, प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा धुतलेली जाडसर वाळू २ भाग. ते ओलं करून कुकरमध्ये शिट्टी न लावता अर्धा तास वाफवा, झाकूनच गार होऊ द्या. उकळून गार केलेल्या पाण्यात कॅप्टन हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम मिसळून त्यानेच मिश्रण भिजवा. बी वर भुरभुरा, मातीखाली गाडू नका, कारण या बियांना रुजायला प्रकाश लागतो. झाकण लावा. डबा थेट उन्हात अजिबात नको. बंद डब्यात तासाभरात बी शिजतं. २२ ते २८ अंशांत, उजेडाच्या खिडकीत किंवा साध्या एलईडीखाली फूटभर अंतरावर ठेवा. पुणे-नाशिककडे फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळा संपल्यानंतरचे आठवडे यासाठी उत्तम. मे महिन्यात उन्हाळ्याने आणि जुलैत बुरशीने नुकसान होतं, मग दोष कोणाचा हे सिद्ध करता येत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: त्याच डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात बाजारातल्या पिकलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या दहा-वीस बिया पेरा. गर चाळणीवर चोळून पूर्ण धुवा, एक दिवस सावलीत वाळवा, मग पेरा. ड्रॅगन फ्रूटही कॅक्टसच आहे आणि ताजं बी आठवड्याभरात बिनतक्रार रुजतं. तुमचं बी तसंच पडून राहिलं आणि शेजारचं रुजलं, तर माती, पाणी, तापमान सगळं बरोबर होतं याचा पुरावा तुमच्याकडे तयार. ‘तुम्हाला उगवता आलं नाही’ या उत्तराला याहून ठोस प्रत्युत्तर नाही. रोज एकाच जागेवरून, तारखेसकट एक फोटो काढत जा.

रुजल्यावर फरक झपाट्याने दिसतो. लाल माठ दोन-चार दिवसांतच वर येतो: बारीक लालसर देठ, दोन पातळ पानं. घोळीची दोन पानं अरुंद आणि गुबगुबीत. ड्रॅगन फ्रूटला दोन ठळक, जाड, हिरवी बीजपत्रं असतात आणि त्यांच्या मधून केसाळ काट्यांचा कोंब निघतो, जो पुढे तीन धारांचा (उभ्या कडांचा) होतो. ट्रायकोसिरियस अगदी वेगळा: हिरवा गोल मणी, टोकाला बीजपत्रांची दोन नुसती टोकं, आणि दोन-तीन आठवड्यांत मध्यावर पहिल्या बारीक काट्यांचा पुंजका. सिरियसचं रोप सुरुवातीला यासारखं भासू शकतं, पण ते भराभर उंच होतं, निळसर हिरवं दिसतं आणि त्याच्या धारा मोजक्या व उठावदार राहतात. संकरांची रोपं जाडसर, जास्त धारांची, दाट काट्यांची होतात आणि पुढे बुंध्याशी पिल्लं काढतात.

एक सूचना, कारण इथे चांगलं बीसुद्धा लोक टाकून देतात. रुजलेल्या बीभोवती पांढरा मखमली कापूस दिसला की बुरशी समजून डबा रिकामा करतात. ती बहुधा कोवळ्या मुळाची केसमुळं असतात. ती फक्त मुळाभोवतीच, एकसारखी आखूड असतात. बुरशीचे धागे लांब, विस्कटलेले असतात आणि एका बीवरून दुसऱ्यावर जाळं टाकतात. रोप काचेसारखं पारदर्शक होऊन आडवं पडलं तर ती मर, म्हणजे रोप कुजवणारा बुरशीचा रोग. तो भाग आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून काढा आणि कॅप्टनचं पाणी पुन्हा फवारा. लालसर झालेली रोपं म्हणजे उजेड जास्त, फिकट आणि लांबट म्हणजे कमी. झाकण महिन्या-दोन महिन्यांनी, थोडं थोडं करून उघडा.

ही झाली स्वस्त फसवणूक. महागडी वेगळी असते, आणि ती जाणकारांनाही लागते. तिथे बी खरंच ट्रायकोसिरियसचं असतं, फक्त पाकिटावर लिहिलेले आईबाप खोटे. संकर लिहिताना आई आधी, मग ‘×’, मग बाप. प्रत्यक्ष काम असं चालतं: कळी उमलण्याच्या संध्याकाळी तिच्यावर बारीक जाळीची पिशवी बांधायची, दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने तिच्या परागग्राहीवर लावायचे, लगेच पिशवी पुन्हा बांधायची आणि देठाला दोन्ही नावं व तारीख लिहिलेलं लेबल अडकवायचं. पिशवी नसेल तर सकाळी मधमाश्या येतात आणि बाप कोण हे कोणालाच सांगता येत नाही. असं मोकळं परागण झालेलं बी वाईट नाही, पण ते स्वस्त असायला हवं आणि तसं लिहिलेलं असायला हवं. ठराविक संकराच्या किमतीत ते विकणं ही सरळ फसवणूक.

म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी मागा: आईच्या फुलाचा फोटो, बापाच्या फुलाचा फोटो आणि लेबल अडकवलेल्या फळाचा फोटो. ज्याने खरंच परागण केलंय तो हे फोटो काढतोच, स्वतःच्या नोंदीसाठी. फळही नीट बघा. ट्रायकोसिरियसच्या फुलाची नळी आणि फळ दोन्ही केसाळ, लव असलेली. सिरियसची नळी उघडी आणि फळ गुळगुळीत. गुळगुळीत लाल फळाचा फोटो ‘हायब्रिड’ म्हणून आला तर बोलणं संपवा. ‘आमच्याकडे एकच मदर प्लांट आहे, त्याचंच बी’ हे वाक्यही धोक्याचं, कारण यातली बहुतेक झाडं स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत. एकाच झाडाची पिल्लं दहा कुंड्यांत असली तरी ती एकच झाड. फळ कधी फुटलं, बी कधी धुतलं हेही विचारा. फ्रिजमध्ये सिलिका जेलसोबत कोरडं ठेवलेलं बी काही वर्षं चालतं, दुकानाच्या काउंटरवरच्या काचेत उन्हात पडलेलं नाही.

‘इम्पोर्टेड’ या शब्दावर भाव चढतो, तेव्हा कागद मागा. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा दाखला) लागतं. ते नसेल तर बी एकतर इथलंच आहे किंवा बेकायदा आणलेलं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार आयात मालावर मूळ देश दाखवणंही बंधनकारक आहे.

फसवलं गेल्यास पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, शक्यतो त्याच दिवशी, म्हणजे पैसे पुढे जाण्याआधी विक्रेत्याचं खातं गोठवण्याची शक्यता राहते. मोठ्या संकेतस्थळावरून घेतलं असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणं अपेक्षित आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तक्रारीला जोडायचं ते एवढं: जाहिरातीचा स्क्रीनशॉट (लिंक आणि तारखेसह, कारण ती नंतर काढून टाकतात), यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, पट्टीशेजारच्या बियांचा फोटो, ड्रॅगन फ्रूटच्या कोपऱ्यासकट डब्याचे रोजचे फोटो, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं ते उरलेलं सीलबंद बी.