डेथ अँड टॅक्सेस, वर्षभर वापरल्यानंतर: डेक पैसा वसूल, पण व्हायलवरच्या फाशानं डोकं उठवलंय

डेथ अँड टॅक्सेस हा माझा 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळातला डेक, म्हणजे खेळायचा कार्डसंच. त्यातल्या करकस या कार्डाचं प्रकरण एकदाचं मिटलं, म्हणून लिहायला बसलोय. 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ कोरं म्हणून घेतलेल्या त्या कार्डाला वरच्या कोपऱ्यातून आत येणारी घडी निघाली. ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की लख्ख दिसायची. विक्रेत्याचं पालुपद एकच, स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातल्यावर कोणाला कळतंय? अहो, डोळ्यांना नाही कळत, बोटांना कळतं. पिसताना साठातलं तेवढंच एक कार्ड किंचित फुगून वर राहायचं. स्पर्धेत जजनं डेक तपासायला नेला आणि कार्ड मागून ओळखू येतंय असं त्याला वाटलं, तर ते मार्क्ड, म्हणजे खुणेचं. ताकीद ठरलेलीच, आणि त्यात काही पॅटर्न दिसला तर अख्खा डाव हातचा जातो. फोटो पाठवा, मेल करा, पुन्हा दुसऱ्या उजेडात फोटो पाठवा, असं बरेच दिवस चाललं आणि शेवटी निम्मे पैसे परत आले. निम्मेच.

तर या निमित्तानं अख्ख्या डेकचाच हिशेब मांडतो. मॅजिक, लेगसी फॉरमॅट (जुनी कार्डंही चालतात तो प्रकार), एकरंगी पांढरा डेक, ६० अधिक साइडबोर्डची (डावांच्या मध्ये बदलायची राखीव) १५. थॅलिया काय करते, स्टोनफोर्ज काय शोधून आणते, हे इथे सांगत बसत नाही, पुढे ओघानं येईल. नवख्याला एवढं पुरे: लँड टॅप केली, म्हणजे आडवी फिरवली, की मॅना मिळतो; मॅना देऊन बाकी कार्डं कास्ट करायची, म्हणजे खेळायची; आणि क्रीचर म्हणजे लढणारी कार्डं.

हा डेक मी घेतला तो निव्वळ चिकटपणातून. मी जर्मनीत राहतो, आमच्या गावातल्या दुकानात लेगसीची संध्याकाळ असते आणि तिथे पोरं ड्युअल लँड, म्हणजे दोन रंगांचा मॅना देणाऱ्या जुन्या लँड घेऊन बसतात. अंडरग्राउंड सी, व्होल्कॅनिक आयलंड, एकेका कार्डाला काही शे युरो, तेही कडा पांढऱ्या पडलेल्या, रिव्हाइज्ड या जुन्या संचातल्या प्रतीला. मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स कंपनीनं १९९६ साली रिझर्व्ह्ड लिस्ट काढली, ही कार्डं पुन्हा छापणार नाही म्हणून शब्द दिला, आणि नेमका हाच शब्द पाळलाय. त्यामुळे भाव उतरायची वाट बघण्यात अर्थ नाही. एकरंगी डेकला मात्र ड्युअल लागतच नाहीत. करकस १९९४ च्या लेजंड्स संचामधलं असलं तरी त्या यादीत नाही, २०१६ च्या एटर्नल मास्टर्स संचामध्ये पुन्हा आलं. वेस्टलँड (स्वतःला देऊन समोरच्याची खास लँड फोडणारी लँड), रिशादन पोर्ट, एथर व्हायल (दर टर्नला हिच्यावर एक काउंटर, म्हणजे मोजायची खूण, चढवता येते, आणि जेवढे काउंटर तेवढ्याच मॅनाचं क्रीचर ही फुकट उतरवते), सगळी पुन्हा छापून झालेली. माझ्या वेस्टलँड तर जर्मन भाषेतल्या आहेत, मला इंग्रजीपेक्षा स्वस्त पडल्या. वेस्टलँडवर काय लिहिलंय ते वाचतंय कोण?

आणि स्वस्तातला म्हणून दुय्यम, असंही नाही. २०१३ ची स्ट्रासबुर्गची लेगसी ग्रां प्री ही मोठी स्पर्धा थॉमस एनेवोल्डसेननं डेथ अँड टॅक्सेसनंच मारली होती.

सगळे थॅलियाचं कौतुक करतात. करा, चांगलीच आहे ती. दोन मॅनात २/१ (ताकद दोन, टफनेस म्हणजे सोसायची क्षमता एक), फर्स्ट स्ट्राइक (आधी वार), क्रीचर सोडून कास्ट होणाऱ्या प्रत्येक कार्डाला एक मॅना जादा कर, आणि समोरचा स्टॉर्म (एकाच टर्नमध्ये कार्डांचा सपाटा लावणारा डेक) खेळत असेल तर त्याचा हिशेबच कोसळतो. त्याचं डार्क रिच्युअल एका मॅनात तीन देतं, ते आता दोन मॅनात तीन देणार. पण ती कर माझ्याकडूनही घेते. माझंच स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स (एका मॅनात समोरचं क्रीचर काढून टाकणारं कार्ड) दोनाला, माझीच व्हायल दोनाला. मला विचाराल तर या डेकमधली खरी अडवणूक लँडची आहे, क्रीचर नंतर.

रिशादन पोर्ट घ्या. समोरच्याच्या अपकीपला, म्हणजे त्याच्या टर्नच्या सुरुवातीलाच, एक मॅना देऊन त्याची एक लँड टॅप करायची. पाण्याच्या ऐन वेळेला सोसायटीचा वॉचमन येऊन कॉक बंद करून जातो ना, तसं. तो उत्तरादाखल त्याच लँडमधून मॅना काढू शकतो, पण अपकीपला त्या मॅनाचं करणार काय? पॉन्डर सॉर्सरी आहे, ते तेव्हा खेळता येत नाही. फार तर ब्रेनस्टॉर्म (कधीही खेळता येणारं, कार्ड ओढायचं कार्ड) मारेल, तोही नको त्या वेळी. आणि माझे मॅना या उद्योगात गेले तरी बिघडत नाही, कारण क्रीचर व्हायलमधून फुकट उतरतायत. डेकचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. नवीन माणूस पोर्ट कापून तिथे प्लेन्स घालतो आणि मग म्हणतो, डेक लेचापेचा आहे.

आमच्याकडे नाशिकचा एक मित्र डेल्व्हर नावाचा डेक खेळतो, अर्थात ड्युअलसकट. एकदा दोन वेस्टलँड आणि एक पोर्ट एवढ्यावरच त्याला तीन टर्न नुसतं बसवून ठेवलं. म्हणाला, "तू खेळत नाहीस रे, मलाही खेळू देत नाहीस." मग त्याच्या व्होल्कॅनिकच्या किमतीत माझा निम्मा साइडबोर्ड येतो, हे मी त्याला ऐकवलं.

करकसवर एवढा का भांडलो, तेही सांगतो. समोर डार्क डेप्थ्सवाला होता; त्या लँडवरचे बर्फाचे काउंटर संपले की राक्षस निघतो. थेस्पियन्स स्टेज या दुसऱ्या लँडनं डेप्थ्सची कॉपी केली, कॉपीवर बर्फाचे काउंटर नाहीत, म्हणजे लगेच मॅरिट लेज, टोकन क्रीचर (कार्ड नसलेलं, खूण म्हणून काहीतरी ठेवायचं). २०/२०, उडणारी, मोडता न येणारी. त्यानं टोकन म्हणून एका बियरच्या बाटलीचं बूच मध्यभागी ठेवलं आणि हात चोळत बसला. मी करकस टॅप केलं. लेजंडरी क्रीचर मालकाच्या हातात परत, आणि टोकन हातात गेलं की उरतंच कुठे? बूच त्यानं उचलून खिशात टाकलं. एका लँडनं, शून्य मॅनात. एम्राकुल या दुसऱ्या राक्षसाचंही तेच, स्नीक अटॅक या कार्डामधून आला की परत हातात. शहाणे लोक आधी पिदिंग नीडल (नाव घेतलेल्या कार्डाची क्षमता बंद पाडणारं कार्ड) टाकून करकसचं नाव घेतात, तेव्हा दुसरा उपाय हाताशी ठेवा. फ्लिकरविस्पनंही (उतरताना दुसरं एक कार्ड पुढच्या एंड स्टेपपर्यंत, म्हणजे टर्नच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, गायब करणारं क्रीचर) टोकन जातं, तीनवरच्या व्हायलमधून उतरवली की काम झालं.

आता व्हायल. माझी सगळी चिडचिड इथे आहे.

कार्ड अफलातून आहे, वाद नाही. पहिल्या टर्नला पडली की फोर्स ऑफ विलला (समोरच्यानं कास्ट केलेलं कार्ड रद्द करणारं कार्ड) रद्द करायला काही उरत नाही, कारण क्रीचर कास्ट होतच नाहीत. कोणतं क्रीचर येणार तेही रिझॉल्व्ह होईपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष उतरेपर्यंत सांगायचं नाही. हातात काही नसताना नुसती टॅप केली तरी समोरचा विचारात पडतो. समोरच्याची एंड स्टेप सुरू झाल्यावर फ्लिकरविस्प उतरवली, तर गेलेलं कार्ड माझी सगळी टर्न संपेपर्यंत परत येत नाही. ब्लॉकर गायब, मी मोकळा.

पण काउंटर ठेवायचे कशावर? सगळे फासा ठेवतात. आणि व्हायल टॅप करायची म्हणजे कार्ड आडवं फिरवायचं. मॅट स्लीव्ह असो की चकचकीत, फासा सरकतो. दोनाचा तीन होतो, नाहीतर टेबलाखाली जातो. दोनवरच्या व्हायलमधून थॅलिया, स्टोनफोर्ज, रिव्होकर येतात. तीनवरच्यातून यातलं कोणीही येत नाही. म्हणजे एका आकड्यावर अख्खा हात अवलंबून, आणि तो आकडा अशा ठोकळ्यावर जो शर्टाच्या बाहीनं फिरतो! जजला बोलवायचं, मागच्या टर्न मोजत बसायचं, पन्नास मिनिटांच्या राउंडमधली चार मिनिटं गेली. छोटा फासा घेतला, तो जास्त घरंगळतो. मोठा घेतला, कार्डावरचं चित्रच दिसेना. काचेचे चपटे मणी दुकानात मिळतात, त्यांचे पैसे सांगितले तेव्हा मी नमस्कार करून बाहेर पडलो.

शेवटी सांगलीहून आईनं दिवाळीच्या फराळाबरोबर कवड्या पाठवल्या. फुकट. तोंड खाली करून ठेवली की कवडी हलत नाही, कार्ड कितीही फिरवा. तीन कवड्या म्हणजे तीन, लांबून दिसतं. एका गृहस्थांना वाटलं की उलटी कवडी म्हणजे वेगळं काही, तर आता प्रत्येक मॅचआधी सांगतो, सुलट-उलट काही नाही, नुसती मोजायची. चौथी कवडी लायब्ररीवर, म्हणजे कार्डं ओढायच्या गठ्ठ्यावर ठेवतो. कार्ड ओढायला हात गेला की ती आडवी येते आणि आठवतं, आधी अपकीप. कारण व्हायलवर काउंटर चढवायचा हा ट्रिगर आपला आहे, स्पर्धेत समोरच्यानं आठवण करून द्यावी अशी सक्ती नाही, आणि बरेच जण अगदी साळसूदपणे गप्प बसतात. शिवाय काउंटर ठेवायलाच हवा असंही नाही, दोनवर थांबायचं की तीनवर जायचं हे दर टर्नला ठरवा. हातात काय आहे त्यापेक्षा पुढे काय येऊ शकतं याचा विचार करून थांबायचं. मी बहुधा दोनवरच थांबतो. आठव्या टर्नला ओढलेली व्हायल मात्र निव्वळ रद्दी. त्यावर कवडीचाही इलाज नाही.

बाकी क्रीचरबद्दल थोडक्यात. रिव्होकर घ्याच, त्यानं लायन्स आय डायमंड या मॅना देणाऱ्या कार्डाचं नाव घेतलं की मॅनासुद्धा काढता येत नाही, पिदिंग नीडलला ते जमत नाही. सँक्टम प्रीलेट (सांगितलेल्या आकड्याची, क्रीचर नसलेली कार्डं कास्ट होऊ न देणारं क्रीचर) एकावर ठेवली की डेल्व्हरवाल्याचा निम्मा डेक हातात कुजतो. आणि मदर ऑफ रून्स (टॅप करून आपलं एक क्रीचर वाचवणारी) पहिल्या टर्नला पडून एक फेरी जगली की डाव आपला, चारच्या चार खेळा.

हे लिहून ठेवलं होतं, मध्ये काही आठवडे गेले. मदरवरचं शेवटचं वाक्य आता खोडा. ऑर्किश बोमास्टर्स हे काळं क्रीचर समोर असताना ती जगतच नाही. २०२३ मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्सच्या सेटबरोबर ते आलं: दोन मॅना, फ्लॅश, उतरतानाच एक डॅमेज, शिवाय समोरच्यानं जादा कार्ड ओढलं की पुन्हा एक. आपल्या डेकवर नजर टाका: मदर एक टफनेस, थॅलिया एक, रिव्होकर एक, रिक्रूटर एक, फ्लिकरविस्पसुद्धा एक! एका बाणाला एक माणूस, आणि वर त्याला ऑर्कची फौज फुकट. दुकानात काळे डेक वाढले तसा मी मदर काढून गिव्हर ऑफ रून्स घातली. १/२ आहे, पहिला बाण सोसते, रंगहीन गोष्टींपासूनही वाचवते. स्वतःला वाचवू शकत नाही ही खोट आहेच, पण मेलेली मदर तरी कोणाला वाचवणार? तुमच्याकडे बोमास्टर्स कमी दिसत असतील तर मात्र मदरच बरी.

वेळेचं एक दुखणं आहे. हा डेक मारत नाही, दमवतो. पन्नास मिनिटांत तीन डाव पुरे होत नाहीत, आणि वेळ संपल्यावरच्या जादा पाच टर्नमध्ये ड्रॉ पदरात पडतो. भराभर खेळायची सवय नसेल तर घेऊ नका.

घेणार असाल तर आधी लँड घ्या: वेस्टलँड चार, पोर्ट तीन, करकस दोन. करकस लेजंडरी आहे, आपल्या बाजूला एकच टिकतं, म्हणून दुसरं हातात बहुतेक वेळा पडूनच असतं, पण पहिलं वेस्टलँडनं फुटलं की लागतं. क्रीचर हळूहळू जमवा, त्यातलं बरंचसं चिल्लरमध्ये मिळतं. काल्ड्रा कम्प्लीट (स्टोनफोर्ज शोधून आणते तसलं शस्त्राचं कार्ड) सगळे घ्या म्हणतात, मी घेतलेलं नाही. तिसऱ्या टर्नला ५/५ हेस्टनं (आल्या टर्नलाच वार) येतं खरं, पण स्वोर्ड्सनं ते धरलेला जर्म (बरोबर येणारं टोकन) गेला की पुन्हा चढवायला सात मॅना लागतात, आणि माझ्या लँड पोर्टच्या कामाला लागलेल्या असतात. बॅटरस्कल हे तसलंच दुसरं शस्त्र तीन मॅनात हातात परत येतं, पुन्हा स्टोनफोर्जनं उतरतं. तेच चालवतोय. काल्ड्राचा भाव उतरला तर बघू.