रिपोर्ट खरा, बीज भलतंच

कोळंबीचं बीज विकत घेऊन नर्सरीत वाढवणाऱ्या छोट्या लोकांसाठी हे लिहितोय. व्हेनामी जातीच्या कोळंबीचं 'एसपीएफ', म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त, बीज म्हणून आमच्या गळ्यात जे मारलं, ते एसपीएफ नव्हतंच.

एजंटाने पीसीआरचा, म्हणजे रोगजंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आधीच पाठवला होता. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू नाही, ईएचपी नावाचा परजीवी नाही. रिपोर्ट बनावट नव्हता, पण तपासलेला नमुना दुसऱ्याच टाकीतला होता. आमचं बीज तळ्यात वाढवलेल्या माद्यांचं होतं, हे पुढे बीज तयार करणाऱ्या हॅचरीतल्याच एका कामगाराकडून कळलं. मूळ पैदास एसपीएफ असली, तरी उघड्या तळ्यात वाढलेल्या माद्यांना ते लेबल लागत नाही.

बीज दिसायला झकास. पीएल-१२ (पिल्लू अवस्थेचा बारावा दिवस), आतडं भरलेलं, प्रवाहाविरुद्ध पोहणारं. ताण सोसतं का हे बघायला पाण्याची क्षारता एकदम निम्मी करून पाहिली, तरी मर नाही. ईएचपीची मेख इथेच आहे. हा परजीवी कोळंबीच्या पचनग्रंथीत घर करतो, वाढ खुंटवतो, पण पटकन मारत नाही. काही आठवड्यांनी एकाच टाकीत लहान-मोठी कोळंबी दिसू लागली, तेव्हा एजंट म्हणाला, "पाणी बिघडलंय, खाद्य बदला." खाद्यही तोच विकतो, हे ओघाने आलंच.

आम्ही स्वतः तपासणी केली. ईएचपी निघाला. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "तुमच्याच टाकीतून लागण झाली."

हे उत्तर खोडायचं तर पुरावा माल भरतानाच घ्यावा लागतो. ज्या टाकीतून पिशव्या भरणार, तिच्यातून नमुना आपल्या हाताने काढा, दोन भाग करा, सह्या घेऊन सीलबंद करा. एक प्रयोगशाळेला द्या, दुसरा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये आपल्याकडे ठेवा. कोवळ्या बीजात परजीवी इतका कमी असू शकतो की चाचणीत सापडत नाही, म्हणून माद्यांच्या विष्ठेचाही रिपोर्ट मागा. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून बीज घेऊ नका. आणि बीज किती भरलंय ते मोजायला उघडायची पिशवी तुम्ही निवडा, त्याला निवडू देऊ नका.

नुकसान एका खेपेवर थांबत नाही. ईएचपीचे बीजाणू चिवट असतात, नेहमीच्या धुण्याने जात नाहीत. टाक्या २.५ टक्के कॉस्टिक सोड्याने तीन तास भिजवून, धुऊन, आठवडाभर कोरड्या ठेवाव्या लागल्या. तेवढा काळ धंदा बंद.

पैसे परत मागितले, तर एजंट म्हणतो, पुढच्या खेपेला जादा बीज देतो. त्याच हॅचरीचं.