जेट स्कीचा पंप आणि कुपवाडचे मिस्त्री : बेअरिंग-सीलच्या कामाचा रिव्ह्यू

सरळ सांगतो, जेट स्की नाहीतर जेट बोटीचा पंप खरखरायला लागला असेल तर बोटवाल्याच्या आधी पंपवाल्याकडं जा. आणि सांगली जिल्ह्यात पंपवाल्यांना तोटा नाय. १९१० ला किर्लोस्करवाडी वसली, पुढं तिथं पंप बनायला लागले, तेव्हापासनं इकडं पंप कळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार झालीयत, फक्त त्यांच्याकडं कुणी जेट स्की घेऊन जात नाही एवढंच.

ज्यांचा रिव्ह्यू लिहितोय त्यांच्या वर्कशॉपला पाटी नाही. कुपवाड एमआयडीसीच्या कडेला पत्र्याचं शेड, आत एक लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस आणि बाकी सगळीकडं नदीवरच्या लिफ्ट इरिगेशनचे पंप उघडून पडलेले. लोक नुसतं मिस्त्री म्हणतात, मी पण तेवढंच लिहितो, नावगाव छापायचं नाही असं त्यांनीच बजावलंय, आहे तेच काम उरकत नाही म्हणे.

तर विषय असा की आमच्या दाजींच्या दोन जुन्या जेट स्की आहेत, कोयनेच्या बॅकवॉटरला बामणोलीच्या बाजूला धंद्यात चालतात, आणि सीझनच्या शेवटाला एकीचा आवाज बदलला, आरपीएम चढतंय पण गाडी पाण्याला धरून पळत नाय, आणि हळू चालवली की मागनं खर्र खर्र. ज्याच्याकडनं गाड्या घेतल्या त्याला व्हिडिओ पाठवला तर बघून न बघितल्यासारखं करून बोलला, पूर्ण पंप असेंब्ली बदला. किंमत ऐकून दाजी दोन मिनिटं गप्प. मग पंप खोलून तेवढाच माझ्याकडं सांगलीला पाठवला, बघ म्हणाले तुझ्याकडं कोण हाय का.

मिस्त्रींनी आधी काय केलं तर काहीच केलं नाही. पंप बाकड्यावर ठेवला, शाफ्ट हातानं फिरवला, डोळे मिटून. मग वरखाली हलवून बघितला. "इंजिनाला हात लावू नका, ह्याच्यात पाणी शिरलंय." मागचा कोन, म्हणजे शंकूसारखं झाकण, काढला, आतलं ऑइल पांढरंफट्ट, ताकासारखं. म्हणजे विषय तिथंच संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेट पंपात इंपेलर (आतला फिरता पंखा) खालनं पाणी ओढतो, मागं स्टेटरची न फिरणारी पाती त्या पाण्याचा पीळ काढून सरळ करतात आणि नोझलमधनं ते जोरात मागं फेकलं जातं. जेट स्कीत इंपेलरचा शाफ्ट ज्या बेअरिंगवर फिरतो ती बसतात त्या स्टेटरच्या पोटात, म्हणजे चारी बाजूनं पाणी, आणि गाडीला पुढं ढकलणारा दाब पण त्यांच्यावरच. मध्ये आडवं काय, तर रबराचं ऑइल सील. त्याची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, गेली की पाणी आत, पाणी आत गेलं की बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे टिपके, मग खरखर, मग शाफ्ट ढिला होऊन हलतो, मग इंपेलर बाहेरच्या वेअर रिंगला (त्याच्याभोवतीच्या कड्याला) घासायला लागतो. या दोघांत गॅप असते मिलिमीटरच्या काही अंशाची, ती वाढली की पाणी पुढं ढकलायच्या ऐवजी तिथंच मागं फिरतं आणि गाडीची ताकद जाते. लोक बेअरिंग बदलतात आणि म्हणतात झालं. बेअरिंग मरतं ते सीलमुळं, आणि सील का मेलं हे बघितलं नाही तर नवीन बेअरिंगची पण तीच गत.

आमचं सील का मेलं? तंगूस. मासे धरायची नायलॉनची दोरी इंपेलरच्या मागं शाफ्टला गुंडाळून बसली होती, बाहेरनं दिसत पण नव्हती, आणि तिनं सीलची लिप कापली होती. मिस्त्रींनी चिमट्यानं ओढून काढली आणि माझ्या हातात दिली, "हे घ्या तुमचं बिल." बॅकवॉटरला मासेमारी चालते, जाळी तुटून पाण्यात राहतात, हे तिथल्या सगळ्यांना माहीत आहे, पण अधनंमधनं पंपात बॅटरी मारून बघायची सवय कुणाला नाही. मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर काठाजवळनं जेट मारली की चिखल आणि बारीक खडे पण ओढले जातात, ते वेगळंच.

आता काम कसं केलं ते, कारण मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. जुनं बेअरिंग काढून नंबर वाचला, सीलचा नंबर झिजलेला होता तर व्हर्नियर लावून शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी काढली. ऑइल सील याच तीन मापांवर मिळतं, ब्रँडच्या पाकिटात असलं तरी आणि सांगलीच्या गणपती पेठेत सुटं घेतलं तरी. मी म्हटलं व्हायटन रबराचं टाकूया, भारी असतं. तर म्हणाले व्हायटन गरम तेलाला, इथं गार पाणी हाय, नायट्राइल बास झालं, पण आतली स्प्रिंग स्टेनलेसची बघून घ्या, साधी असली तर गंजून ताण सोडते. हे मला कुठल्या यूट्यूबवाल्यानं सांगितलेलं नव्हतं.

बेअरिंग मात्र त्यांनी स्वस्तातलं घेऊ दिलं नाही. नामांकित कंपनीच्या खोक्यातला डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे, म्हणून अधिकृत डीलरकडनं पावतीसकट आणायला लावलं. पाण्याखाली चालणाऱ्या बेअरिंगमध्ये चारदोनशे वाचवून उपयोग नाही, परत पंप उतरवायची मजुरीच त्याच्यापेक्षा जास्त.

शाफ्टवर जिथं सील घासतं तिथं चर पडली होती, नखाला लागेल एवढी. नवीन सील त्याच चरीवर बसवलं की ते पहिल्या दिवसापासनं गळणार. पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते, नाहीतर सील थोडं आत सरकवून कोऱ्या जागेवर बसवता येतं, आमच्यात जागा होती म्हणून दुसरा उपाय केला. सीलं दोन, पाठीला पाठ. बाहेरच्याची स्प्रिंगची बाजू पाण्याकडं, आतल्याची ऑइलकडं, आणि दोन्हीच्या मधल्या पोकळीत ग्रीस ठासून. उलटं बसवलेलं सील दिसायला अगदी बरोबर दिसतं आणि एका ट्रिपमध्ये पंपात पाणी भरतं.

बेअरिंग बसवताना हाउसिंग गरम करून घेतलं, गॅसची ज्योत न मारता, आणि प्रेसवर दाबताना बाहेरच्या रिंगवरच दाब. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर. आमच्याकडं गॅरेजमध्ये हातोडा आणि पाइपचा तुकडा घेऊन कुठंही ठोकतात, तो सगळा मार गोळ्यांमधनं जातो आणि नवंकोरं बेअरिंग खोक्यातनं काढल्या काढल्या खड्डे पडून जुनं होतं. शेवटी कोन लावून आत अगदी कमी प्रेशरनं हवा धरली आणि बाहेरनं साबणाचं पाणी. बुडबुडा नाही म्हटल्यावर मगच ऑइल भरलं.

ग्रीसवर त्यांचं वेगळं प्रवचन आहे. दाजींची दुसरी जेट स्की ग्रीसवाली, मधल्या हाउसिंगला ग्रीस भरायची निप्पल आहे, आणि तिथं घाटावरच्या पोरांनी ट्रॅक्टरचं साधं ग्रीस मारलेलं, ते पण हवेच्या गननं. मिस्त्री म्हणाले हवेच्या गनचं प्रेशर एवढं असतं की सीलची लिपच बाहेर फेकली जाते, हातगननं सावकाश मारा, हाताला जड लागलं की थांबा, आणि मात्रा किती ते मॅन्युअलमध्ये दिलेली असते ती वाचा. साधं लिथियम ग्रीस पाणी मिसळलं की मऊ होऊन धुऊन जातं, पाण्यातल्या कामाला कॅल्शियम सल्फोनेटवालं घ्यायचं, डब्यावर एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) बघायचं आणि वॉटर वॉशआउटचा, म्हणजे पाण्यानं किती ग्रीस धुऊन जातं त्याचा, आकडा दिला असेल तर तो जितका कमी तितकं चांगलं. रंगावर जाऊ नका, निळा रंग कुठल्याही ग्रीसला देता येतो. आणि जुन्यावर नवीन मारायचं नाही, दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात, आधी सगळं धुऊन कोरडं करायचं मगच.

मोठ्या जेट बोटीचं पण विचारलं, कारण दाजींच्या डोक्यात एक जुनी बोट घ्यायचं चाललंय. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनसारख्या जेट युनिटात मागचं बेअरिंग रबरी असतं, त्याला ग्रीसच लागत नाही, नदीचं पाणीच त्याचं वंगण. फोटो दाखवला तर मिस्त्री हसले, "हे तर आपल्या टर्बाइन पंपाचं रबर बुश." खरंच आहे, नदीवरच्या उभ्या टर्बाइन पंपात तसलीच बुशं असतात. त्यामुळं नियम पण तोच, पाण्याबाहेर इंजिन चालू करून शायनिंग मारली की रबर जळालं. आणि अमेरिकन बर्कलेसारख्या पंपांना पुढं ग्लॅंड पॅकिंग असतं, दोरीवालं. ते चालताना थेंब थेंब गळलंच पाहिजे, त्या पाण्यानंच ते गार राहतं. गळतंय म्हणून पान्यानं आवळत गेलं की दोरी जळते आणि शाफ्ट खातो. आपल्याकडं कृष्णाकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत असतं, बोट विकत घेणाऱ्याला नसतं.

आता रडगाणं. पहिलं म्हणजे वेळ. दोन दिवस म्हणाले की आठवडा धरा, फोन उचलत नाहीत, जाऊन बसावं लागतं. पक्कं बिल मिळत नाही, धंद्याच्या खर्चात दाखवायचं असेल तर अडचण आहे. वेअर रिंगची गॅप त्यांनी फीलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) मोजून सांगितली, जास्त भरलीय, पुढच्या सीझनला बदला, पण रिंग ते मागवत नाहीत, ती तुम्हीच शोधायची. आणि पंप परत गाडीत बसवल्यावर इंजिनशी अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही एका रेषेत आहेत का ते, बघणं हे पण त्यांच्या कामात धरू नका, ते बोटीवर येत नाहीत म्हणजे नाहीत. अलाइनमेंट चुकली तर एवढं सगळं केलेलं पाण्यात, म्हणून दाजींनी तिकडचा माणूस लावून करून घेतलं.

मजुरी दोन हजारांच्या आत, माल वेगळा आणि तो डोळ्यांसमोर. जुने पार्ट पिशवीत घालून परत देतात, न मागता. गाडी आता पाण्याला धरून पळतेय, खरखर नाही, आणि मधनं एकदा कोन उघडून बघितला तर ऑइल स्वच्छ. माझ्याकडनं पाचपैकी चार स्टार, एक कापला तो फोनसाठी.

जायचं असेल तर शाफ्ट, इंपेलर, हाउसिंग सगळं घेऊन जा, नुसतं सील घेऊन गेलात तर हाकलून देतात. आणि वेळ बघून जा. पूर ओसरला की नदीकाठच्या बुडालेल्या मोटारी-पंपांची रांग लागते, २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं तेव्हा महिनोन्‌महिने शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. दसऱ्याच्या सुमाराला साखर कारखान्यांच्या गाळपाआधीच्या कामांची घाई असते, तेव्हा तर तुमच्या जेट स्कीकडं ते बघणार पण नाहीत. पावसाळ्यात बोटिंग बंद झालं की लगेच जूनअखेरीस पंप उतरवून नेऊन टाका.