ट्रे की पॅकिंग? कॉलमचा व्यास ठरवताना

डिस्टिलेशन कॉलम, म्हणजे द्रवांचे मिश्रण उकळून घटक वेगळे करणारा उंच मनोरा, किती रुंद हवा, हे वर चढणारी वाफ ठरवते. वाफ आणि खाली उतरणारा द्रव यांची गाठ घालायला आत ट्रे, म्हणजे भोकांच्या आडव्या ताटल्या, असतात किंवा पॅकिंग, म्हणजे मोकळ्या जागांचा भराव. वेग जास्त झाला की वाफ द्रवाचे थेंब उचलून वर नेते आणि कॉलम तुंबतो. यालाच फ्लडिंग म्हणतात. म्हणून व्यास साधारणपणे फ्लडिंगच्या वेगाच्या 80 ते 85 टक्के वेग धरून काढतात.

व्हॅक्यूम कॉलममध्ये, म्हणजे वातावरणापेक्षा कमी दाबाला चालणाऱ्या कॉलममध्ये, माझा कौल सरळ स्ट्रक्चर्ड पॅकिंगला, म्हणजे ठरावीक रचनेत बसवलेल्या नालीदार पत्र्यांना. कमी दाबाला वाफ प्रचंड फुगते, आणि प्रत्येक ट्रेवर द्रवाच्या थरातून बुडबुडे ढकलताना दाब खर्च होतो. पॅकिंगमध्ये तो खर्च फारच कमी. समजा, पॅकिंगने 20 टक्के जास्त वाफ पेलली, तर 6 मीटरचा कॉलम सुमारे 5.5 मीटरमध्ये बसतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालते. मात्र वॉश बेडला, म्हणजे वाफेतले जड थेंब धुऊन काढणाऱ्या पॅकिंगच्या थराला, द्रव कमी पडला की तिथे कोक, म्हणजे कडक कार्बनचा थर, धरतो, आणि मग सगळी बचत वाया जाते.

जास्त दाबाच्या कॉलममध्ये चित्र उलटे. वाफ दाट, द्रव भरपूर. तिथे ट्रेच बरे. शिवाय ते साफ करणेही सोपे, अर्थात माणूस आत शिरू शकेल एवढा व्यास असेल तर.