जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये दोघांचंच लग्न : प्लॅनरचा अनुभव

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गाजावाजा न करता लग्न लावून देणाऱ्या आमच्या प्लॅनरबाईंना पाचपैकी साडेचार तारे.

खरं काम कागदपत्रांचं असतं. पार्कमध्ये लग्नासाठी स्पेशल यूज परमिट लागतं. आम्ही अर्जाचे 120 डॉलर भरले, ते परत मिळत नाहीत. गाडीची प्रवेश फी वेगळी. हे सगळं बाईंनीच निस्तरलं. मॅरेज लायसन्स, म्हणजे लग्नाचा सरकारी परवाना, मात्र काउंटी क्लर्ककडे (तिथल्या जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात) दोघांनी स्वतः जाऊन घ्यायचं. ते 90 दिवस चालतं. आधीपासून एकत्र राहत असाल तर कॉन्फिडेन्शियल (नोंद गोपनीय राहणारं) लायसन्स मागा, त्याला साक्षीदार लागत नाही.

मला अक्षता हव्याच होत्या. बाईंनी ठामपणे नाही सांगितलं: तांदूळ, पाकळ्या, काहीही उधळायचं नाही, झाडांना हार अडकवायचे नाहीत. पटलं. मग पार्कमधल्या कॅप रॉक नावाच्या खडकापाशी आम्ही अक्षता एकमेकांच्या ओंजळीत ठेवल्या आणि पुन्हा डबीत भरल्या. एक दाणा खाली पडू दिला नाही. उन्हं उतरताना तिथला खडक असा काही गुलाबी होतो की माझी साडी फिकी वाटली!

आत बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून बाईंनी छापील नकाशा दिला होता. पाण्याचे कॅनही त्यांनीच आणले, कारण पार्कच्या आतल्या भागात पाणी मिळत नाही.

अर्धा तारा कापला तो फोटो फार उशिरा मिळाले म्हणून. उन्हाळ्यातली तारीख मात्र मुळीच घेऊ नका, पारा 38 अंशांच्या वर जातो.