अंगणातल्या कारंज्याला सोलर पंप की विजेचा? नागपुरात दोन्ही वापरून पाहिल्यानंतर

आमच्या अंगणात सिमेंटचा छोटा हौद आहे, त्यात गप्पी मासे आणि कुमुदिनी. फाटकाजवळ कमळाचा टब. हौदात 18 वॅटचा विजेचा पंप आहे, आपण कूलरमध्ये टाकतो तसलाच. टबात 10 वॅटच्या पॅनेलवरचा, बॅटरी नसलेला सोलर पंप. मार्चपासून दोन्ही चालू आहेत, आता थंडी पडली आहे. मासे असतील तर वीजच घ्या, हे मी आधीच सांगून टाकते.

नागपूरचं ऊन म्हणजे सोलरला सोन्याचे दिवस, असं कुणालाही वाटेल. प्रकाश भरपूर मिळतो हे खरं, पण पॅनेलला उष्णता मानवत नाही. त्यावर लिहिलेले वॅट 25 अंशांना मोजलेले असतात आणि पुढे दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज घटते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं तर 16 टक्के तिथेच गेले. तरी भर दुपारी आमचं कारंजं जोरात उडायचं. पण मे महिन्यात दुपारी अंगणात बसतं कोण? सडा टाकून खुर्च्या बाहेर येतात त्या सातला. मामाजी चहाचा कप घेऊन बसतात आणि नेमका तेव्हाच सोलर पंप बंद पडलेला असतो.

दुकानदार म्हणतात, बॅटरीवाला घ्या. पण लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि अनेक मॉडेलांत ती पॅनेलच्या पाठीलाच चिकटवलेली असते. आपल्या उन्हाळ्यात ती जागा किती तापते हे वेगळं सांगायला नको. मी घेतली नाही.

माशांचा प्रश्न मात्र जिवाचा आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही तोच ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणजे पाणी हलतं ठेवायची गरज रात्री, आणि सोलर चालणार दिवसा. मे महिन्यात वादळानं रात्रभर लाइन गेली होती. पहाटे पाहिलं तर सगळे गप्पी पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करत होते. लाइन येईपर्यंत मी मगानं पाणी उंचावरून ओतत राहिले. तेव्हापासून बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात ठेवला आहे. विजेचा पंप घेणाऱ्यानं तोही घ्यावाच.

बिलाची धास्ती नको. 18 वॅटचा पंप दिवसरात्र चालला तरी महिन्याला 13 युनिट होतात. जपायचं ते शॉकला. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि हौदातल्या पंपाचा धोका तसाच आहे. अर्थिंग तपासून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन लगेच तोडणारा स्विच) बसवा, वायरचा जोड पाण्याजवळ ठेवू नका आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. घरात लहान मुलं असतील तर यात जराही ढिलाई नको.

पावसाळ्यात ढगांमुळे टबातलं पाणी दिवसचे दिवस स्थिर राहिलं आणि अळ्या दिसल्या. डेंग्यूचा डास साधारण आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून हौदातले चार-पाच गप्पी टबात सोडले. अळ्या गेल्या. आता थंडीत वेगळाच त्रास आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम 45 अंशांवर असतो आणि कढीपत्त्याची सावली पॅनेलवर येते. एक कोपरा झाकला की वीतभर उडणारं कारंजं बोटभर होतं, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. फांदी छाटली, पॅनेल दक्षिणेकडे तिरपं केलं, तेव्हा जमलं.

तरी फाटकाजवळ मी सोलरच ठेवणार. तिथवर वायर न्यायला फरशी फोडावी लागली असती, आणि कमळाला रात्रीच्या कारंज्याची गरज नाही.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दोन्ही पंपांवर बसतो. पंखा काढून लिंबाच्या पाण्यात तासभर ठेवला की सुटतो. आणि खोक्यावरची कमाल उंची पाहून फसू नका, त्या उंचीला पाणी पोचतं पण बाहेर पडत नाही. दोन फूट चढवायचं असेल तर निदान चार-पाच फुटांचा पंप मागा.